एक स्वयंपाकघर, दोन जावा

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात कविता लिहावी, फार तर प्रवासवर्णन लिहावे; संगणकाच्या प्रोसेसरवर लेख लिहिणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतात नांगर घालण्यासारखे आहे, असे कुणी म्हणेल. परंतु ज्या यंत्रावर आपण निबंध आणि प्रबंध टंकलिखित करतो, ते घेताना किंवा मोडीत काढताना सांगितल्या जाणाऱ्या आकड्याचा अर्थ आपल्याला ठाऊक नसावा, हेही बरे नव्हे. शिवाय हा प्रश्न माझ्यापुढे घरातच उभा राहिला. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या घरी एक जुना संगणक आहे. त्यात इंटेल कंपनीचा कोअर आय-३ २१०० हा २०११ साली बाजारात आलेला प्रोसेसर आहे. माझ्या एका मित्राकडे त्याच पिढीतला आय-५ २४०० आहे. दोहोंचा मूळ वेग सारखाच, ३.१ गिगाहर्ट्‌झ, म्हणजे सेकंदाला ३.१ अब्ज ठोके. दोन्ही यंत्रे आपल्याकडे चार प्रोसेसर असल्याचे दाखवतात. तरीही एखादी लांब चित्रफीत एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलायला दिली, की मित्राचे यंत्र आमच्या यंत्राला बरेच मागे टाकते. इकडे चार आणि तिकडेही चार, मग फरक कुठला? आमचा संगणक एकूणच मंद झाला होता आणि ताईच्या प्रबंधाची मुदत जवळ येत होती. नवा घ्यायचा तर वडिलांच्या खिशाला मोठी चाट. तेव्हा हा हिशेब समजून घेणे भाग पडले.

प्रोसेसरमधला एक कोअर म्हणजे एक स्वयंपाकघर समजा. त्यातली शेगडी, पोळपाट आणि खलबत्ता म्हणजे बेरीज, गुणाकार, तुलना इत्यादी कामे करणारे विभाग. भिंतीतले फडताळ म्हणजे कॅश, ही हाताशी असलेली छोटी साठवण. जो जिन्नस फडताळात नसेल तो वाण्याकडून आणावा लागतो. हा वाणी म्हणजे संगणकाची मुख्य स्मृती. वाण्याकडची एक खेप प्रोसेसरला दोनशेच्या आसपास ठोक्यांना पडते. तेवढा वेळ शेगडी थंड आणि पोळपाट रिकामा!

१९७१ साली इंटेलने ४००४ हा पहिला मायक्रोप्रोसेसर विकायला काढला, तेव्हा त्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि स्वयंपाकघर अर्थातच एक. पुढची तीसेक वर्षे मुख्य भर ठोक्यांचा वेग वाढवण्यावर राहिला. पण वेगाबरोबर उष्णताही वाढते. अखेर २००४ साली इंटेलला ४ गिगाहर्ट्‌झचा पेन्टियम ४ काढण्याचा बेत रद्द करावा लागला. २००५ पासून घरगुती संगणकांतही एकाच चकतीवर दोन कोअर येऊ लागले. एक घर पुरेना, म्हणून शेजारी दुसरी चूल मांडली म्हणा ना.

हायपर-थ्रेडिंगची युक्ती मात्र याहून निराळी. तिचे मूळ वॉशिंग्टन विद्यापीठातील टलसन, एगर्स आणि लेव्ही यांच्या १९९५ च्या संशोधनाशी पोचते. घरगुती संगणकात ती २००२ च्या अखेरीस पेन्टियम ४ मधून आली. या युक्तीत स्वयंपाकघर एकच राहते, पण त्यात दुसरी जाऊ येते. प्रत्येकीची कामाची यादी आणि हातातली वाटी स्वतःची. शेगडी, पोळपाट, फडताळ मात्र सामाईक. थोरली वाण्याची वाट पाहत असेल तर धाकटी शेगडी वापरते. एकीला शेगडी व दुसरीला पोळपाट हवा असेल, तर दोघींचे काम एकाच वेळी चालते. परंतु दोघींनाही पोळपाटच हवा असेल, तर एकीला थांबावे लागणार. फडताळात दोघींच्या डब्यांची दाटी झाली, तर काम उलट मंदही होते.

इंटेलच्या अभियंत्यांनी २००२ साली आपला हिशेब मांडला होता. या सोयीसाठी चकतीवर ५ टक्क्यांहूनही कमी जादा जागा लागली, आणि काही कामांत ३० टक्क्यांपर्यंत फायदा झाला. ५ टक्क्यांच्या मोबदल्यात ही मिळकत उत्तमच. पण दुसरे स्वयंपाकघर बांधल्याची बरोबरी तिला येत नाही.

आता आमचे कोडे सुटते. आमच्या आय-३ मध्ये स्वयंपाकघरे दोन आणि जावा चार. मित्राच्या आय-५ मध्ये स्वयंपाकघरे चार आणि प्रत्येकीत एकेक गृहिणी. दारातून डोकी मोजणाऱ्याला दोन्हीकडे चारच दिसणार. विंडोज १० च्या टास्क मॅनेजरमध्ये ‘कोअर्स’ आणि ‘लॉजिकल प्रोसेसर्स’ असे दोन वेगळे आकडे असतात. पहिला चुलींचा, दुसरा डोक्यांचा.

एकत्र नांदण्याचा आणखी एक तोटा २०१८ व २०१९ साली विशेष ठळकपणे पुढे आला. एक जाऊ फडताळाच्या हालचालीवरून दुसरीचे गुपित ओळखू शकते, तसाच एका कार्यक्रमाला त्याच कोअरवरील दुसऱ्या कार्यक्रमाच्या माहितीचा सुगावा लागू शकतो, असे संशोधकांनी दाखवून दिले. ओपन-बीएसडी या प्रणालीने २०१८ मध्ये हायपर-थ्रेडिंग मुळातच बंद ठेवायचे ठरवले. २०२४ मध्ये खुद्द इंटेलनेही आपल्या काही नव्या प्रोसेसरांतून ही सोय वगळली. अर्थात त्या वेळेपर्यंत एका चकतीवर चोवीस कोअर बसवता येऊ लागले होते.

राहता राहिला आमचा मंद संगणक. टास्क मॅनेजर उघडून पाहिले, तर प्रोसेसर बराचसा रिकामा आणि हार्ड डिस्क मात्र शंभर टक्के व्यग्र! फिरत्या तबकडीवरून एक नोंद शोधायला सुमारे १० मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात आमच्या प्रोसेसरचे तीन कोटी ठोके होऊन जातात. हे वाण्याकडे जाणे नव्हे, ही तर काशीयात्रा! इतक्या दीर्घ प्रतीक्षेवर दुसऱ्या जावेचा काय इलाज? मग तबकडी काढून तिच्या जागी एसएसडी बसवली. प्रोसेसर तोच राहिला, आणि ताईचा प्रबंध त्याच यंत्रावर वेळेत पुरा झाला. आम्हाला चित्रफितींचेच काम करायचे असते, तर मी जुन्या बाजारातून आय-५ शोधला असता. तो त्याच खाचेत बसतो. मात्र ६५ ऐवजी ९५ वॅटची उष्णता सोसणारा पंखा पाहावा लागतो.

तेव्हा मित्रहो, जुना संगणक घ्यायला जाल आणि विक्रेता “चार प्रोसेसर आहेत” म्हणेल, तेव्हा चुली किती ते अवश्य विचारा. आणि घरचा संगणक मोडीत काढण्यापूर्वी, तो नेमकी कशाची वाट पाहत बसला आहे, हे एकदा डोळ्यांनी पाहून घ्या.