लॅम्डाची सोंड

"गाडी २०१४ ची, पेट्रोलवरची. मीटरमध्ये इंजिनाचा पिवळा दिवा लागून राहिलाय. गॅरेजवाला म्हणतो, 'काका, कॅटॅलिटिक गेलाय. नवा टाकायचा तर लय खर्च आहे. सिम्युलेटर लावून देतो, दिवा परत दिसायचा नाही.' लावून घेऊ का?" असं एका वाचकाने विचारलंय. उत्तर 'नको' एवढंच आहे. पण तेवढ्यावर थांबलो तर एका भन्नाट माणसाची गोष्ट सांगायची राहून जाईल.

एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. वजनात सांगायचं तर एक किलोला १४.७ किलो. प्रीमियर पद्मिनीच्या जमान्यात हे प्रमाण कार्ब्युरेटरच्या स्क्रूवर आणि मेकॅनिकच्या कानावर सोडलेलं असायचं. शंका आली की तो प्लग काढून उजेडात धरायचा. टोक काजळीने माखलेलं असेल तर पेट्रोल जास्त, पांढरंफटक असेल तर कमी, भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचं असेल तर 'एक नंबर'. भोगी माणसाला अत्तर कळावं तसं त्याला मिश्रण कळायचं. अडचण एवढीच, की गाडी गॅरेजमधून बाहेर पडून घाट चढायला लागली की त्याचा कान तिच्यासोबत जात नसे.

आता ते काम ऑक्सिजन सेन्सर करतो. गॅरेजच्या भाषेत ओटू सेन्सर. दिसायला स्पार्क प्लगचा भाऊ, एक्झॉस्टच्या पाइपात आट्यांनी घट्ट बसवलेला. आत शिंप्याच्या अंगुस्तानासारखी एक पांढरी टोपी असते, झिर्कोनियाची. टोपीच्या बाहेरून धूर जातो, आतल्या बाजूला साधी हवा असते. झिर्कोनिया तापला की ऑक्सिजनचे आयन त्याच्यातून आरपार सरकू लागतात. हवेकडे त्यांची गर्दी, धुराकडे दुष्काळ. या ओढाताणीतून विजेचा दाब तयार होतो. धुरात ऑक्सिजन जवळपास उरलाच नसेल तर ०.९ व्होल्टच्या आसपास, उरला असेल तर ०.१ च्या आसपास. बरेच सेन्सर ही आतली हवा चक्क स्वतःच्या वायरीच्या आवरणातून ओढून घेतात. म्हणून त्यांच्या वायरीला डाग देऊन जोड मारू नये. सेन्सर गुदमरतो.

या व्होल्टांचं गणित बारावीच्या रसायनशास्त्रात भेटतं. नर्न्स्टचं समीकरण, साल १८८९. ते पाठ करून विसरलेल्यांना वॉल्थर नर्न्स्ट हा माणूस केवढा वल्ली होता, हे कुणी सांगितलेलं नसतं. १८९७ मध्ये त्याने एक दिवा शोधला. एडिसनच्या दिव्यात कार्बनची तार असे आणि ती जळू नये म्हणून काचेतली हवा काढून टाकावी लागे. नर्न्स्टने झिर्कोनियात थोडा यिट्रिया मिसळून कांडी केली, आणि ती उघड्या हवेत लखलखू लागली. एकच खोड होती. थंड असताना कांडीतून वीज जातच नसे. आधी तिला काडी ओढून तापवायचं, मग बटण. विजेचा दिवा काडीपेटीने लावायचा! पुढे तापवायला वेगळी तार बसवली गेली. हक्क त्याने 'एईजी' कंपनीला दहा लाख मार्कांना विकले. टंगस्टनची तार आल्यावर दिवा मागे पडला, पण तोवर पैसे वाजवून घेऊन झाले होते.

नर्न्स्टला मोटारींचं वेड. गॉटिंगेनमधल्या अगदी सुरुवातीच्या गाडीवाल्यांपैकी तो एक. चढावर इंजिन दमायला लागलं की तो त्याला नायट्रस ऑक्साइड पाजायचा, असं त्याचे चरित्रकार सांगतात. आजची शर्यतवाली पोरं ज्याला 'नायट्रो' म्हणतात, ते हेच. १९२० चं नोबेल त्याला मिळालं ते मात्र उष्णतेवरच्या कामासाठी. थंडपणी मुकी असलेली आपली कांडी तापल्यावर का बोलते, हे नीट उलगडलं कार्ल वॅग्नरने, १९४३ मध्ये: स्फटिकात ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या राहतात आणि आयन त्या रिकाम्या खुर्च्यांवरून उड्या मारत पुढे जातात. वॅग्नरला नोबेल मिळालं नाही. मला ते अजून खटकतं.

तीच कांडी १९७६ मध्ये सेन्सर होऊन परत आली. बॉशने तो बनवला आणि व्होल्वोने कॅलिफोर्नियासाठीच्या गाड्यांत बसवला. त्या गाड्यांच्या जाळीवर अभिमानाने पाटी असे, 'लॅम्डा सोंड'. लॅम्डा ही हवा-पेट्रोलच्या प्रमाणाची खूण. स्वीडिशमध्ये सोंड म्हणजे शोधक नळी. आपल्याला अर्थ विचारावा लागत नाही; धुरात खुपसून हुंगणारी सोंडच ती. आणि ही सोंडही थंड असताना मुकीच. सुमारे ३०० अंशांच्या पुढे ती बोलू लागते. म्हणून आजच्या चार वायरींच्या सेन्सरमधल्या दोन वायरी फक्त आतल्या हीटरच्या असतात. नर्न्स्टची काडी अजून ओढली जाते आहे.

आता वाचकाच्या दिव्याकडे. या गाडीत सोंडा दोन, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी एक, नंतर एक. पुढची दर सेकंदाला वर-खाली उड्या मारते, कारण इंजिनाचा संगणक पेट्रोल थोडं कमी, थोडं जास्त करत १४.७ भोवती झुलत असतो. मागची मात्र शांत असायला हवी. का? गच्चीवरची टाकी आठवा. नगरपालिकेचं पाणी येवो-जावो, टाकी धड असेल तर मोरीतल्या नळाची धार एकसारखी. कन्व्हर्टरमधला सिरियम ऑक्साइड ही ऑक्सिजनची टाकी. जास्त आला की साठवतो, कमी पडला की सोडतो. टाकी निकामी झाली की मागची सोंडही पुढचीसारखी नाचू लागते, संगणक पी-०४२० हा कोड नोंदवतो आणि दिवा लावतो.

सिम्युलेटर म्हणजे या नाचाला शांत करून दाखवणारा, काही रुपयांच्या सुट्या भागांचा खेळ. संगणकाला वाटतं, टाकी भरलेली आहे. विषारी धूर निघत राहतो. त्यातली नायट्रोजनची ऑक्साइडं पीयूसीच्या तपासणीत मोजलीच जात नाहीत, त्यामुळे तिथेही त्यांचा कुणाला पत्ता लागत नाही.

सगळेच सिम्युलेटर लबाड नसतात, हेही सांगायला हवं. जुन्या गाडीला सीएनजी किट बसवतात तेव्हा पेट्रोलचा संगणक गोंधळून चुकीचे धडे गिरवू नये म्हणून त्याला तेवढ्यापुरता बनावट सिग्नल देतात. गॅसचं मिश्रण तेव्हा किटचा स्वतःचा संगणक सांभाळत असतो. पण पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीच्या पुढच्या सोंडेला कुणी सिम्युलेटर लावतो म्हणाला तर चावी परत घ्या. पंपावर आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्याला १४.७ नव्हे, साधारण साडेतेरा किलो हवा पुरते. हा फरक पुढची सोंड हुंगून ओळखते आणि पेट्रोल तेवढं वाढवायला लावते. तिच्या जागी थाप ठेवली की इंजिन आंधळं.

कन्व्हर्टर सहसा आपण होऊन मरत नाही. मिसफायर होणाऱ्या सिलिंडरमधलं न जळलेलं पेट्रोल किंवा इंजिनाने पिलेलं ऑइल त्याला मारतं. ते कारण तसंच ठेवून नवा बसवला तर तोही जाईल. आणि पाइपाला मध्येच बारीक गळती असेल तर बाहेरची हवा आत शिरून धडधाकट कन्व्हर्टरही नापास होऊ शकतो. सांधा बदलून काम भागतं. तेव्हा गॅरेजवाल्याला म्हणा, "स्कॅनर लावून दोन्ही सेन्सरचे ग्राफ दाखव." त्याने शेजारी शेजारी दाखवले, तर काम त्यालाच द्या.