डार्मस्टाटचे पॅसिव्ह हाउस

जर्मनीच्या हेसेन राज्यातील डार्मस्टाट शहरात, क्रानिखश्टाइन या उपनगरात, एकमेकांना लागून चार घरे उभी आहेत. 1990-91 मध्ये बांधलेली ही ओळ जगातील पहिले पॅसिव्ह हाउस, म्हणजे वेगळ्या हीटिंग यंत्रणेशिवाय ऊबदार राहणारे घर, मानली जाते. 1988 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग फाइस्ट आणि स्वीडनच्या लुंड विद्यापीठातील प्राध्यापक बो अ‍ॅडमसन यांच्या चर्चेतून ही संकल्पना आकाराला आली. बॉट, रिडर आणि वेस्टरमायर या वास्तुविशारदांनी आराखडे केले आणि 1991 मध्ये चार कुटुंबे राहायला आली. त्यांत फाइस्ट यांचेही कुटुंब होते. ‘पहिले’ हा मान थोडा जपूनच द्यायला हवा, कारण कॅनडातील रेजायना येथे 1977 मध्येच जाड भिंतींचे, हवाबंद आणि बाहेर जाणाऱ्या हवेतील उष्णता परत मिळवणारे प्रायोगिक घर बांधले गेले होते. डार्मस्टाटची खरी कमाई म्हणजे या साऱ्याला दिलेले काटेकोर गणित.

हे गणित हवेपासून सुरू होते. घरातील हवा निरोगी राहण्यासाठी माणशी ताशी सुमारे 30 घनमीटर ताजी हवा लागते. माणशी 30 चौरस मीटर जागा धरली, तर दर चौरस मीटरमागे ताशी एक घनमीटर हवा आत घ्यावी लागेल. ती साधारण 50 अंशांपलीकडे तापवता येत नाही, कारण त्यावर धूळ करपून वास येऊ लागतो. म्हणजे खोलीच्या 20 अंशांच्या वर फार तर 30 अंश. एवढ्या हवेतून दर चौरस मीटरला जेमतेम 10 वॅट उष्णता पोचते. कडाक्याच्या थंडीतही घराची गरज या आकड्याच्या आत बसली, तर वेगळी हीटिंग यंत्रणा लागतच नाही. क्रानिखश्टाइनमधील एकेक घर 156 चौरस मीटरचे आहे. या हिशेबाने अख्ख्या घराला लागते दीड किलोवॅट, म्हणजे आपल्याकडच्या न्हाणीघरातील 2 किलोवॅटच्या गिझरपेक्षाही कमी.

गरज इतकी खाली आणायची, तर सारी भिस्त बांधकामावर. येथे चुना-वाळूच्या विटांच्या 17.5 सेंटिमीटर भिंतीवर बाहेरून 27.5 सेंटिमीटर थर्माकोल आहे, तर छपरात सुमारे 45 सेंटिमीटर खनिज लोकर. दक्षिणेला मोठ्या खिडक्या आणि उत्तरेला लहान, असा बेत ठेवून हिवाळ्याचे ऊन घरात घेतले जाते. खिडक्यांना तीन काचा असून मधल्या फटींत क्रिप्टॉन वायू भरला होता. उष्णता रोखणाऱ्या चौकटी तेव्हा बाजारात मिळत नसल्याने लाकडी चौकटींवर पॉलियुरेथेन फोम चढवून त्या हातानेच तयार कराव्या लागल्या.

जाड थर बसवणे त्या मानाने सोपे. कसोटी लागते ती सांध्यांवर. भिंत-छप्पर, खिडकी-भिंत, नळ, वायर अशा प्रत्येक जागी हवा निसटू शकते. म्हणून नकाशाच्या छेदावर हवाबंद थराची रेघ पेन्सिल न उचलता घराभोवती पुरी ओढता आली पाहिजे, असा दंडक आहे. क्रानिखश्टाइनमध्ये हे काम भिंतींवर आतून सलग केलेला गिलावा करतो. तो जमिनीपर्यंत नेणे आवश्यक असते. स्कर्टिंगमागे झाकले जाणार म्हणून गवंड्याने तेवढी पट्टी सोडली की तेथूनच वारा शिरतो.

घर असे बंद केल्यावर ताज्या हवेची सोय यंत्रानेच करावी लागते. स्वयंपाकघर आणि न्हाणीघरातून बाहेर जाणारी कोंदट हवा व आत येणारी थंड हवा पातळ पडद्यांच्या दोन बाजूंनी उलट दिशांनी वाहतात. दोन्ही हवा एकमेकींत मिसळत नाहीत, पण जाणाऱ्या हवेतील सुमारे 80 टक्के उष्णता येणाऱ्या हवेला मिळते. खिडक्या उघडायला अर्थातच कुणाची मनाई नसते.

नव्या बांधकामातील ओल पुरती सुकली नसल्यामुळे पहिल्या हिवाळ्यात हीटिंगचा खर्च दर चौरस मीटरला वर्षाकाठी जवळपास 20 युनिट आला. पुढे तो 10 युनिटांच्या आसपास स्थिरावला. 

अर्थात हे सारे गणित थंड प्रदेशाचे आहे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत भिंती-छपरांवरचे हे जाड थर जसेच्या तसे उचलण्यात अर्थ नाही; तेथे ऊन बाहेरच अडवणे आणि हवेतील ओल काढणे ही पहिली कामे ठरतात.

1996 मध्ये फाइस्ट यांनी डार्मस्टाटमध्येच पॅसिव्ह हाउस इन्स्टिट्यूट स्थापन केली. तिच्या निकषानुसार दर चौरस मीटरला हीटिंगची वार्षिक गरज 15 युनिटांच्या आत असावी किंवा कमाल भार 10 वॅटच्या आत असावा; दोन्हींपैकी एक अट पाळली तरी चालते. शिवाय दारात पंखा बसवून 50 पास्कल दाब दिल्यावर फटींतून तासाला घरातील हवेच्या 0.6 पटीपेक्षा जास्त हवा निसटली, तर घराला प्रमाणपत्र मिळत नाही.