माजाच्या दिवसांतला एल्क शोधायचा कसा? (भागाचा लिखित मजकूर)

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलतानाचे "म्हणजे" आणि "बेसिकली" बरेचसे काढलेत, सगळे नाही.

मागच्या भागात कोलोरॅडोमधल्या शिकारीच्या परवान्यांबद्दल बोललो, त्यावर सगळ्यात जास्त प्रश्न एकच आला : एवढ्या अफाट डोंगरात तो प्राणी सापडतो कसा? तर आज फक्त टेहळणी, म्हणजे स्काउटिंग. एक आधीच सांगतो. मी स्वतः धनुष्य चालवत नाही. ऑफिसमधला मित्र चालवतो. मी त्याच्यासोबत डोंगर चढतो, दुर्बीण धरतो, नकाशे बघतो आणि शेवटी ओझं वाहतो. त्यामुळे नेम कसा धरायचा हे मला विचारू नका.

एल्क म्हणजे काय, हे आपल्याकडच्या माणसाला सांगायचं तर सांबर डोळ्यांसमोर आणा आणि ते बरंच मोठं करा. काश्मीरच्या दाचीगामचा हंगुल हा त्याचा आणखी जवळचा नातलग. रॉकी पर्वतातला पूर्ण वाढलेला नर साधारण ३०० ते ३५० किलोचा. शिंगं दरवर्षी गळतात आणि दरवर्षी नवी येतात. उन्हाळ्यात त्यांच्यावर मखमलीसारखी कातडी असते, ऑगस्टच्या शेवटापर्यंत ती घासून निघते. मग दिवस लहान होत जातात, नराच्या अंगातली हार्मोन्स बदलतात आणि माज सुरू होतो. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत जोर असतो. हे थंडीवर अवलंबून आहे असं पुष्कळांना वाटतं, पण मुख्य घड्याळ उजेडाचं आहे. उकाडा असला तर ते दिवसा गप्प बसतात आणि रात्री ओरडतात, एवढाच फरक. कोलोरॅडोतला धनुष्यबाणाचा हंगामही सप्टेंबरमध्येच असतो, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकमेकांवर येतात.

आता खरी गंमत. जुलैमध्ये वर जंगल संपतं तिथल्या, म्हणजे साडेअकरा हजार फुटांच्या आसपासच्या कुरणांत पाच-सहा नर एकत्र चरताना दिसतात. उघड्यावर, निवांत. माणूस खूश होतो, नकाशावर खूण करतो, सप्टेंबरमध्ये रजा टाकून तिथे पोचतो आणि तिथे कोणी नसतं. कारण मखमल निघाली की ही मित्रमंडळी फुटते. काल शेजारी चरणारे आज एकमेकांचे वैरी. प्रत्येक जण माद्यांच्या मागे जातो, आणि माद्या कित्येक किलोमीटर लांब, दुसऱ्याच खोऱ्यात असू शकतात. जुलैच्या टेहळणीवरून या भागात नर आहेत एवढं कळतं. ते सप्टेंबरमध्ये कुठे असतील, हे नाही.

म्हणून नर शोधू नका, माद्या शोधा. माज आला तरी माद्यांचं रोजचं गणित फारसं बदलत नाही : चारा, पाणी, सावली. त्यातल्या त्यात ओली कुरणं, झऱ्यांच्या जागा, वणव्यानंतर नवं गवत आलेले उतार. आणि जवळच उत्तरेकडे तोंड असलेला दाट, अंधारा उतार, जिथे दुपारी बसता येतं. या तिन्ही गोष्टी जिथे एकमेकींना लागून आहेत त्या जागा उपग्रहाच्या फोटोवर आणि उंचीच्या रेषांच्या नकाशावर घरबसल्या निवडता येतात. मी तर याला जॉइन क्वेरीच म्हणतो. पण नकाशा फक्त यादी देतो, खात्री पायांनीच करावी लागते.

तिथे गेल्यावर काय बघायचं? नर शिंगं घासून झाडांची साल सोलतो. ताज्या खुणेतून चीक गळत असतो, लाकूड ओलं असतं. जुनी राखाडी आणि सुकलेली. दुसरी खूण म्हणजे चिखलाचं डबकं. त्यात नर स्वतःचं मूत्र मिसळून लोळतो, अंगाला तो वास लावून घेतो. पाणी अजून गढूळ असेल आणि कडेच्या खुरांच्या ठशांना धार असेल, तर तो नुकताच येऊन गेलाय. ठसे बघताना एक काळजी घ्या, इथल्या राष्ट्रीय वनांत गुरंही चरायला सोडलेली असतात, आणि गाईचा ठसा एल्कपेक्षा मोठा आणि गोल असतो. वासाचं मात्र आपल्याला शिकवावं लागत नाही. वाऱ्यावर अचानक गोठ्याचा वास आला की थांबा. आजोळी गोठा असलेल्यांना हे पटकन कळतं!

आवाज. नराच्या ओरडण्याला इथे बिगुल म्हणतात, आणि शब्द चपखल आहे. एवढ्या मोठ्या धुडातून इतका बारीक, शिट्टीसारखा चढत जाणारा सूर निघतो की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पक्षी वाटावा. शेवटी घशातून ढेकरा दिल्यासारखे आवाज येतात. टेहळणीत याचा सर्वात मोठा उपयोग आहे : पहाटेच्या आधी धारेवर जाऊन अंधारात नुसतं ऐकायचं. दिशा, किती नर, आवाज हलतोय की एका जागी आहे. एकाच जागी बराच वेळ ओरडणाऱ्यासोबत बहुधा माद्या असतात. आवाज ओळखायला शिकायचं असेल तर एस्टेस पार्कजवळच्या रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात जा. तिथे शिकारीला बंदी आहे आणि सप्टेंबरच्या संध्याकाळी रस्त्याच्या कडेवरून सगळं दिसतं. (विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या भागातले एल्क शिकारीने जवळपास संपले होते. १९१३-१४ मध्ये यलोस्टोनकडून आणून पुन्हा सोडले गेले. आज दिसतात ते त्यामुळे.)

टेहळणीत स्वतः कृत्रिम बिगुल वाजवू नका, हे माझं ठाम मत. उत्तर मिळालं की छान वाटतं, पण आपण त्या नराला महिन्याच्या सुरुवातीलाच सावध करून ठेवतो. त्याहून वाईट म्हणजे आपला वास. डोंगरात पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते, ऊन तापलं की वर जाते, संध्याकाळी पुन्हा खाली. म्हणून सकाळी कळपाच्या खालून बघायचं, आणि ऊन चढायच्या आत निघायचं. वास लागला तर पूर्ण कळप खोरं सोडून जातो. या दिवसांत नर नीट खात नाही, त्याच्या वजनाचा पाचवा हिस्सासुद्धा उतरू शकतो, आणि पुढे बर्फाळ हिवाळा असतो. आपल्या उत्सुकतेपायी त्याला उगाच पळवणं बरोबर नाही.

"तुम्ही इंजिनियर, ड्रोन का नाही उडवत?" कारण कोलोरॅडोत शिकारीसाठी ड्रोनने प्राणी शोधणं बेकायदा आहे. ॲरिझोनाने तर २०२२ पासून शिकारीच्या कामासाठी झाडावर लावायचे कॅमेरेही बंद केले. मला हे पटतं. सगळंच सेन्सरने कळायला लागलं तर शिकार कुठे उरली?

दुर्बिणीतून नर दिसला की शिंगं मोजा. कोलोरॅडोच्या बहुतेक भागांत एका शिंगाला किमान चार टोकं, किंवा कपाळाजवळचा फाटा पाच इंच, असा नियम आहे. आणि तो मूस नाही ना, हेही बघा. दरवर्षी घोळ होतात.

शेवटची नोंद नकाशावर कोणी करत नाही : तिथून गाडीपर्यंतचं अंतर. एका नरापासून सुमारे शंभर किलो मांस निघतं आणि खाण्याजोगं मांस टाकून येणं इथे गुन्हा आहे. सप्टेंबरची दुपार गरम असते, मांस लवकर खराब होतं. चार-पाच खेपा दहा हजार फुटांवर. म्हणून आमच्या यादीत जागा कितीही चांगली असली, तरी रस्त्यापासून पाच किलोमीटरच्या पुढची असेल तर मी ती खोडतो. मित्र कुरकुरतो. पण अर्धं ओझं माझ्या पाठीवर असतं.