हळदीचा कागद

हळदीचा डाग पडलेले कापड साबण लावताच लाल होते, हे बहुतेक मुलांनी पाहिलेले असते. त्याचे कारण मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसते. हळदीतील कर्क्युमिन हे रंगद्रव्य आम्लात व साध्या पाण्यात पिवळे राहते, अल्कात तांबूस होते. चौथीच्या मुलांस हा प्रयोग घरी करावयास देण्यास हरकत नाही.

चमचाभर हळद थोड्या पाण्यात कालवून टिपकागदास लावावी व कागद सावलीत वाळवावा. उन्हात रंग विटतो. पट्टीवर कपड्याच्या साबणाचे पाणी टाकले की ती लाल होते, त्याच जागी लिंबाचा रस पिळला की पुन्हा पिवळी. कोरड्या पट्टीवर नुसते लिंबू पिळणारे मूल ‘काहीच झाले नाही’ असे सांगत येईल. त्याचे निरीक्षण चूक ठरवू नये. आम्ल आणि पाणी यांतील भेद हळदीस कळत नाही. तो जास्वंदीच्या पाकळ्या चोळलेल्या कागदास कळतो.

रंग गडद येतो म्हणून पानाच्या डब्यातील चुना सुचविण्याचा मोह होतो. तो टाळावा. चुन्याने डोळ्यास कायमची इजा होऊ शकते, आणि मुलाचे बोट डोळ्याकडे जाणारच. तसे घडलेच तर डोळा न चोळता, पापण्या उघड्या धरून, स्वच्छ पाण्याच्या धारेने निदान अर्धा तास धुवावा व मुलास तत्काळ दवाखान्यात न्यावे. डोळ्यात लिंबू कदापि पिळू नये. लिंबाने रंग परतलेला पाहणाऱ्या मुलास नेमके तेच सुचेल; म्हणून ही सूचना प्रयोगाआधीच द्यावी.