मीना बाजारचा रस्ता

रमजानमध्ये सोलापूरच्या विजापूर वेशीत मीना बाजार भरतो. तरावीह उरकून माणसं पायीच येतात. बांगड्या, अत्तर, शेवया, सुकामेवा, मुलांचे कपडे, मध्येच कबाबची शेगडी. आयाबाया लेकरांचं बोट धरून फिरतात. एरवी तिथं रिक्षा-मोटारसायकलींतून वाट काढायची.

२०१६ मध्ये शहर स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत आलं, रस्ते-पदपथांची कामंही झाली. पण पदपथ मोकळा करायचा म्हणजे आधी हातगाडी उचलायची, हा हिशेब पटत नाही. गिऱ्हाईक पायी येतं ते त्या गाडीसाठीच!

२०१४ च्या कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले, त्यांत एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. बांगड्या विकणाऱ्या आपांनी आपलं नाव विक्रेत्यांच्या यादीत आहे का, हे महापालिकेत जाऊन जरूर पाहावं.