चितपूर मार्गावरील वाडे

१७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या, तेव्हा धास्तावलेल्या कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणावयास घेतला. सहा महिन्यांत सुमारे तीन मैल काम झाले. मराठे काही कलकत्त्यावर आले नाहीत आणि खंदक अपुराच राहिला. १७९९ मध्ये तो बुजवून त्यावरून रस्ता काढण्यात आला. या खंदकाच्या आतील उत्तर भागात, हुगळीच्या प्रवाहाला धरून जाणारा जुना चितपूर मार्ग आहे. आज त्याला रवींद्र सरणी म्हणतात. शोभाबाजार, पाथुरियाघाटा, जोडासांको, चोरबागान ही वस्ती त्याच्याच आसपासची. इंग्रजांच्या व्यापारात व कारभारात हात असलेल्या बंगाली धनिकांनी येथे वाडे बांधले.

या वाड्यांचे खांब ग्रीक घाटाचे असले, तरी ते बहुधा दगडाचे नाहीत; विटा रचून वर चुन्याचा गिलावा केलेला आहे. आत शिरले की मात्र युरोप मागे पडतो. मध्ये मोठा चौक, भोवती दुमजली सज्जे, आणि एका बाजूस महिरपींचे ठाकूरदालन. ठाकूर म्हणजे देव. वरच्या सज्ज्यातील लाकडी झडपांआडून अंतःपुरातील स्त्रिया चौकातील सोहळा पाहत. पुण्याच्या वाड्यातही चौक असतो, परंतु तेथे देवघर आत, माजघराच्या आश्रयाला. कलकत्त्यात देव दर्शनी चौकात बसतो आणि दुर्गापूजेच्या दिवसांत गावाचे स्वागत करतो. दुर्गेची मूर्तीही अनेक घरांत याच दालनात घडविली जाते.

क्लाइव्हचे मुनशी नवकृष्ण देव यांच्या शोभाबाजारच्या वाड्यातील पूजा प्लासीच्या वर्षी, १७५७ मध्ये, सुरू झाल्याचे सांगतात. नवकृष्णांनी प्रथम पुतण्या दत्तक घेतला, नंतर त्यांना मुलगा झाला; परिणामी घरे दोन झाली आणि पूजाही दोन. त्या दोन्ही अद्याप चालू आहेत.

घरांच्या विभागणीमागे धर्मशास्त्रही आहे. महाराष्ट्रात मिताक्षरा चाले, बंगालमध्ये जीमूतवाहनाचा दायभाग. दायभागाप्रमाणे बाप हयात असेपर्यंत मिळकत सर्वस्वी त्याची. मुलाला जन्मतः हक्क नाही. बाप गेला की मात्र प्रत्येक वारसाचा हिस्सा ठरलेला. तीन पिढ्यांत वाड्याचे वीस-पंचवीस धनी होतात, आणि गळक्या गच्चीचा खर्च कोणी करावयाचा याचा निर्णय होत नाही. मग एखादा हिस्सा विकला जातो, आणि अखेर सगळा वाडाच पाडून त्या जागी नवी इमारत उभी राहते. उत्तर कलकत्त्यातील कितीतरी घरांची हीच कहाणी आहे.

यावर पूर्वजांनी शोधलेली तोड म्हणजे देवोत्तर. मिळकत देवाच्या नावे करावयाची. वंशज हे तिचे सेवायत, धनी नव्हेत. पूजा पाळीपाळीने करावी, परंतु निकडीच्या कारणावाचून मिळकत विकता येऊ नये. आपल्याकडील देवस्थान इनामाचाच हा घरगुती अवतार म्हणता येईल. चोरबागानातील १८३५ चा संगमरवरी प्रासाद राजेंद्र मल्लिकांनी बांधला. त्यांनी मृत्युपत्राने पुष्कळशी मिळकत जगन्नाथाला अर्पण केली. पुढे आयकराचा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ही मिळकत देवाचीच, सेवायतांची नव्हे, असे न्यायालयाने मानले. देवाला प्राप्तिकर लागला, हा त्यातला गमतीचा भाग! प्रासादातील पुतळे, आरसे, चित्रे मात्र एकत्र राहिली.

तथापि देव घरात असणे वेगळे आणि घर देवाचे असणे वेगळे. जोडासांकोला हे स्पष्ट दिसते. नीलमणी ठाकूरांनी १७८४ मध्ये तेथे बिऱ्हाड थाटले. पुढे देवेंद्रनाथ ब्राह्मधर्मी झाले. तेव्हा त्यांच्या धाकट्या भावाची पत्नी योगमायादेवी यांनी कुलदेवता लक्ष्मी-जनार्दन शेजारच्या पाच क्रमांकाच्या घरात नेली. सहा क्रमांकाच्या मूळ घरातील ठाकूरदालन देवावाचून राहिले; तेथे माघोत्सवाची ब्राह्म उपासना होऊ लागली. सातारा-मुंबईकडे न्यायाधीश म्हणून राहिलेले आणि तुकारामांचे अभंग बंगालीत नेणारे सत्येंद्रनाथ याच घरचे. रवींद्रनाथ येथेच १८६१ मध्ये जन्मले व १९४१ मध्ये निवर्तले. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या रवींद्रभारती विद्यापीठाने हे घर सांभाळले.

देव ज्या घरी गेला, ते पाच क्रमांकाचे घर मात्र वाचले नाही. त्याच्या दक्षिणेकडील सज्ज्यात गगनेंद्रनाथ, समरेंद्रनाथ आणि अवनींद्रनाथ हे तिघे भाऊ वर्षानुवर्षे बसत. १९४१ मध्ये कुटुंब बाहेर पडले. घर विकले गेले आणि पाडले गेले. तो सज्जा आता मोहनलाल गंगोपाध्यायांच्या ‘दक्षिणेर बारांदा’ या पुस्तकातच काय तो उरला आहे.