दरबारी गुडगुडीचा थाट

निपाणीच्या तंबाखूची ओळख कोल्हापूरकराला करून द्यायला नको. पण ती ओढायच्या नळीला दागिन्यासारखे मढवायची हौस अकबराच्या दरबारात पोचली, तीही आपल्याच शेजारच्या विजापुरातून.

१६०४ च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग विजापूरहून आग्र्याला परतला. उत्तरेत अजून फारशी ठाऊक नसलेली तंबाखू त्याने नजराण्यात घातली. बादशहापुढे ठेवायची तर नळीही तोलामोलाची हवी! असद बेगाने आपल्या आठवणींत तिचे वर्णन लिहून ठेवले आहे. तीन हात लांब नळी सुमात्रातल्या अचिनची. दोन्ही टोकांना मीनाकारी आणि रत्ने. तोंडाशी येमेनचा लंबगोल अकीक. पेटवायला सोन्याचे पात्र. विजापूरच्या आदिलशहाने दिलेली देखणी चंची तंबाखूने भरली आणि सारा सरंजाम चांदीच्या तबकात मांडला. अकबराने दोन-तीन झुरके घेतले आणि हकिमाने लगेच हरकत घेतली. बादशहाने नाद केला नाही. सरदारांनी मात्र केला. १६१७ मध्ये जहांगीराने बंदी घातली, तरी तो सुटला नाही.

पुढे धूर पाण्यातून ओढायचा हुक्का रुळला आणि कारागिरांना नवे भांडे मिळाले. बिदरच्या कारागिरीचा, म्हणजे बिदरी, हुक्का मिश्रधातूचा: जस्त जास्त, तांबे थोडे. ओतीव भांड्यावर नक्षी कोरायची, खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा, मग नवसागर आणि बिदरच्या किल्ल्यातली माती यांचा लेप द्यायचा. धातू काळाकुट्ट होतो, चांदीला काही होत नाही. जुनी भांडी गोल. कलंडू नयेत म्हणून खाली कडे लागे. अठराव्या शतकात सपाट बुडाची, घंटेच्या आकाराची भांडी आली आणि कड्याची गरज संपली.

संग्रहालयाच्या कपाटात बहुतेक वेळा एवढे भांडेच दिसते, आणि पाहणारा त्याला फुलदाणी समजून पुढे जातो. लाकडी नळी, तिच्यावरचे कापड, वरची चिलीम काळाच्या ओघात गेलेली असते. असद बेगाचे वर्णन म्हणून मोलाचे: खरा थाट भांड्याइतकाच हातात धरायच्या नळीवर आणि ओठांना लागणाऱ्या टोकावर असे.

शेतकऱ्याची चिलीम मात्र कुंभाराच्या हातची, मातीची. तिला ओल्या फडक्याची छापी गुंडाळली की काम भागे. फुटली की दुसरी. त्यामुळे संग्रहांत दरबार भरपूर दिसतो, बांधावरचा माणूस क्वचितच.

घरात असे जुने भांडे असेल तर घासूनपुसून चकचकीत करू नका. बिदरीचा काळा रंग निघून गेला की अर्धी कलाकुसर गेली. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही. परदेशातल्या नातेवाइकाला भेट द्यायचा बेत असेल, तर आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा.